गौर दुसरीकडे बघते

दिल्लीची गाडी उशिरा येणार होती. तेवढ्या वेळात बाबांनी सामानावर लक्ष कसं ठेवायचं हे मला चार वेळा समजावलं, आणि पाचव्यांदा सुरुवात केली तेव्हा कुठे गाडी आली. त्या काळी आरक्षणाची यादी डब्याच्या दाराशी चिकटवलेली असायची. तिथे ही गर्दी! बाबा हमालाशी हुज्जत घालण्यात गुंतलेले. आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि गर्दीच्या मागे उभ्या उभ्याच ती यादी वाचली.

"नीलू, तेवीस नंबर. खिडकीची सीट आहे."

मग तिने चष्मा झटकन नाकावर ओढला. आमची नजरानजर झाली. ती हसली नाही, मीही हसले नाही. बाबा परत आले तेव्हा ती नेहमीसारखी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. "पोहोचल्याबरोबर चिठ्ठी टाक. आणि खाण्यापिण्याचं ध्यान ठेव," म्हणाली.

माझ्या आईचे डोळे ठणठणीत होते. हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. बाकी सगळ्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, नीलूच्या आईला दिसेनासं झालंय अशी बातमी होती. ती बातमी कशी पसरली आणि पुढे मी तिचं काय केलं, हे लिहायला मला तीस वर्षं लागली. तुमच्यापैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे उठून लांब गेले, त्या दोघांसाठी लिहिते आहे. निघून गेलेल्यांना माझा राग कदाचित कमी येईल.

आई गौरींचे मुखवटे रंगवायची. शिकलेली बिकलेली नव्हती. तिच्या आईकडून हात आला होता. लष्करातल्या सात मराठी घरांचे भाजक्या मातीचे मुखवटे भाद्रपदाच्या तोंडावर आमच्याकडे यायचे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन-दोन, मिळून चौदा चेहरे पाटावर ओळीने मांडलेले असायचे. आई आधी ओल्या फडक्याने गेल्या वर्षीचा रंग पुसून काढायची. अगदी स्वच्छ, खालची माती दिसेपर्यंत. मग सरसात कालवलेल्या खडूचा पांढरा हात, मग गव्हाळ रंग, ओठ, भुवया. डोळे सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी ती न्हाऊन, कुणाशी न बोलता बसायची आणि चौदा जोड्या डोळे एका बैठकीत उघडायची.

तिच्या गौरींची बुबुळं किंचित खाली झुकलेली असत. मी लहानपणी विचारलं होतं, ह्या सगळ्या खाली का बघतात? तेव्हा ती म्हणाली, "अगं, गौर उभी असते आणि आपण बसतो. तिने समोर पाहिलं तर आपल्याकडे कोण पाहील?"

हे वाक्य मला तोंडपाठ होतं. म्हणूनच पुढचं सांगताना अजून लाज वाटते.

फूलबागेपाशी वर्षातून एकदा पुस्तकांची एक मोठी मोटार येऊन उभी राहायची. आत रशियन लोककथांची हिंदीत छापलेली पुस्तकं असत, जाड गुळगुळीत कागदाची आणि इतकी स्वस्त की बाबासुद्धा कुरकुर करत नसत. आई मुखवटे पुसायची आणि मी शेजारी बसून तिला त्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायची. कोंबडीच्या पायांवर फिरणारी झोपडी आली की आई विचारायची, "मग ती अंड्यांवर कधी बसते?" बर्फाच्या म्हाताऱ्याने मुलीला कुडकुडवलं की म्हणायची, "त्याला जरा जेठात ग्वाल्हेरला पाठव म्हणावं, विरघळून जाईल." तिला गोष्टी आवडायच्या. मला गोष्टींपेक्षा त्यातली चित्रं आवडायची, वेड लागल्यासारखी. त्या चित्रांतल्या मुली दुधासारख्या गोऱ्या, गालांवर तांबडे गोल, डोक्यावर मोत्यांनी मढवलेलं उंच शिरोभूषण आणि डोळे करडे. त्या कधीच वाचणाऱ्याकडे बघत नसत. पानाच्या कडेबाहेर कुठलं तरी जंगल असावं आणि आपल्याला तिकडेच जायचंय, असं तिरकं बघत असत. मीही तसंच बघायला शिकले होते. बाबा म्हणायचे, ह्या पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही. बरोबर म्हणायचे.

माझ्या एकोणिसाव्या वर्षी, भाद्रपदात, आईला मलेरिया झाला. मुखवटे पांढरे करून झाले होते. बाकीचं तिने माझ्यावर सोपवलं. "डोळे सोडून सगळं कर. दुपारी ताप उतरतो, तेव्हा मला उठव. पडल्या पडल्या डोळे उघडीन."

दुपारी तिचा ताप उतरला. ती शांत झोपली होती, कपाळ ओलं झालं होतं. मी दारातून पाहिलं आणि तिला उठवलं नाही.

लोकांना सांगण्यासारखी कारणं माझ्याकडे होती. बिचारी आजारी आहे, झोपू दे, वगैरे. खरं कारण एवढंच, की मला ते डोळे काढायचे होते. आधीच मी गालांवर तांबडे गोल दिले होते, कपाळावर मोत्यांच्या पट्ट्या रंगवल्या होत्या. मग कुंचला करड्या रंगात बुडवला आणि चौदाच्या चौदा गौरींना पानाबाहेर बघायला लावलं. हात एकदाही थरथरला नाही. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारशी झालेले नाही.

आमच्याकडची रीत अशी की मुखवटे नेताना तोंडावरून वस्त्र घालून न्यायचे आणि आवाहनाच्या वेळी दिव्यापुढेच उघडायचे. त्यामुळे संध्याकाळी सातही घरची माणसं आली आणि झाकलेले चेहरे घेऊन गेली, कुणी काही पाहिलं नाही. आई उठली तेव्हा पाट रिकामा होता. "डोळे?" तिने विचारलं. मी म्हटलं, काढले.

दुसऱ्या दिवशी मोघे आजी स्वतः चालत आल्या. सातही घरांत त्यांचा शब्द शेवटचा. बाबाही घरात होते. आजी बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. "वहिनी, हे काय आहे? गौर आमच्याकडे बघतच नाहीये. सुनेने ओवाळलं तर ती भिंतीकडे बघते. लेकीसारखी येते ती घरी, अन् अशी परक्यासारखी उभी?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझा दिल्लीच्या कला महाविद्यालयाचा अर्ज तेव्हा बाबांच्या खणात, त्यांच्या सहीची वाट बघत पडला होता. बाबा बिर्लानगरच्या मिलमध्ये टाइमकीपर होते, मिलला घरघर लागली होती, आणि मुलीला चित्रं काढायला दिल्लीला पाठवायचं की नाही ह्यावर ते वर्षभर विचार करत होते. गौरीचं तोंड हिने बिघडवलं हे त्यांना कळलं असतं तर विचार तिथेच संपला असता. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या खणाकडे.

"माझ्याकडूनच झालं," ती म्हणाली. "ताप होता ना."

आजी काही कच्च्या नव्हत्या. "तापात रेघ कापते, वहिनी. ही तर कशी ताठ आहे. अन् काळ्याच्या जागी करडा रंग?"

"हात नाही कापला," आई म्हणाली. "डोळ्यांनीच दगा दिला. कितीतरी दिवस झाले, मला काळं-करडं समजतच नाही. कुणाला बोलले नाही."

आजींचा चेहरा एकदम बदलला. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आईचा हात हातात घेतला. बाबांना तर इतकं वाईट वाटलं की त्याच आठवड्यात ते तिला सराफ्यातल्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. तिथे आईने मोठमोठी अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. दुकानदार गोंधळला असणार, कारण त्याने दिलेल्या काचांना नंबर असा जवळजवळ नव्हताच. मी तो चष्मा गुपचूप लावून पाहिला होता. भिंतीवरचं कॅलेंडर जसं होतं तसंच दिसलं.

त्या दिवशी मी दारातून पुढे येऊन बोलू शकले असते. नाही बोलले. फाल्गुनात बाबांनी अर्जावर सही केली आणि जुलैत मी त्या तेवीस नंबरच्या सीटवर बसले.

दिल्लीच्या होस्टेलवर भाद्रपदात आईचं पत्र आलं. खुशाली, पाऊसपाणी, दादाची परीक्षा, आणि शेवटी दोन ओळी: 'यंदापासून मुखवटे घेतले नाहीत. नाही म्हणून सांगितलं सगळ्यांना. चांगलंच झालं, कमरेला आराम आहे.' ते वाचेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आईचे डोळे गेलेत असं एकदा सांगितल्यावर पुढच्या वर्षी ती पूर्वीसारखे देखणे डोळे कसे काढणार होती? एक गौर जरी तिने नीट रंगवली असती तरी मोघे आजींना क्षणात कळलं असतं की मागचे चेहरे कुणाचे. म्हणून तिने कुंचलाच सोडला. मी पलंगावर बसून रडले. आणि उत्तरात लिहिलं की इथलं पाणी बाधत नाही, काळजी करू नकोस.

दिल्लीनंतर शिष्यवृत्ती मिळाली, पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकायला मॉस्कोला गेले आणि तिथेच राहिले. आता माझ्या आयुष्यात सेर्गेई नावाचा एक समंजस नवरा आहे, एलेक्त्रिच्का नावाची उपनगरी गाडी आहे आणि ग्रेच्का नावाचं धान्य आहे. त्याला मी हिंग-मोहरीची फोडणी देते. सेर्गेई ते निमूट खातो. आमचा गावाबाहेर एक दाचा आहे, म्हणजे लाकडी घर आणि कोबीचा वाफा. लहानपणी पुस्तकात पाहिलेले पांढरे बर्च त्या घराच्या खिडकीतून रोज दिसतात. सुरुवातीला ते बघून मी हरखून जायची. आता पानं झाडायचा कंटाळा येतो.

चित्रांचं म्हणाल तर मी आयुष्यभर एकच बाई काढत आले. गव्हाळ गाल, त्यावर तांबडे गोल, मोत्यांचं शिरोभूषण, नाकात नथ, आणि नजर चित्राबाहेर. माझ्या तिथल्या शिक्षिका वेरा पेत्रोव्ना पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "ही नजर सोडू नकोस. आमच्या कथांतली मुलगी उंबरठा ओलांडताना अशीच बघते. पण ही तुझी आहे, आमची नाही." मी सोडली नाही. रशियन लोककथांच्या चार पुस्तकांना माझी चित्रं आहेत. जाणकार लोक माझ्या शैलीबद्दल लिहितात, त्यात दोन देशांची नावं येतात. ती शैली एका दुपारी, आजारी बाईला न उठवता, चोरून जन्माला आली हे कुणी लिहीत नाही, कारण मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी दुसरंच काहीतरी सांगितलं आहे. पहिल्या मोठ्या प्रदर्शनात एका मुलाखतकर्त्याने विचारलं, हा चेहरा आला कुठून? खरं सांगायची केवढी चांगली संधी होती. पण लोक बसले होते, दिवे लागले होते, आणि माझ्या तोंडून निघालं: "माझी आई देवीचे मुखवटे रंगवायची. तिची दृष्टी अधू झाली आणि चेहरे चुकू लागले. त्या चुका मला फार सुंदर वाटल्या." सभागृहात पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. पुढे ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की सरावाने त्यात गाण्यातल्यासारख्या जागा घ्यायला शिकले. माझ्या चित्रांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती छापली आहे. तिथून ती ग्वाल्हेरच्या एका हिंदी पेपरात गेली. दादाच्या मुलीने, माझ्या भाचीने, पेपर आजीला वाचून दाखवला आणि आईचा फोन आला.

"छान लिहिलंय," आई म्हणाली. "डोळ्यांचं बरोबर लिहिलंस."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने ते मनापासून म्हटलं होतं. एक काळजी मिटल्यासारखा तिचा आवाज होता. मी फोन ठेवला आणि सेर्गेईला काही न सांगता दाचावर दोन दिवस कोबीचा वाफा खणत बसले.

ह्या वर्षी मी ठरवून गौरींना ग्वाल्हेरला गेले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई ऐंशीची आहे, दादाकडे असते. चालते फिरते, कढीपत्त्यातली अळी लांबून दिसते तिला, फक्त चारचौघांत चष्मा लावून चाचपडते. मला बघवत नाही. पूजनाच्या दिवशी मोघ्यांकडे हळदीकुंकवाला बोलावलं होतं. आजी केव्हाच गेल्या. त्यांच्या सूनबाई, आमच्या मोघे काकू, आता स्वतः सत्तरीच्या.

आई आणि भाचीबरोबर मी आत गेले. मखरात माझ्या गौरी उभ्या होत्या. तेच तांबडे गोल, त्याच मोत्यांच्या पट्ट्या, रंग थोडा फिका पडलेला. तीस वर्षं त्या भिंतीकडे बघत होत्या. काकूंची नात माझा पदर ओढून म्हणाली, "आत्या, बघितली? हमारी वाली गौरी सबसे अलग आहे."

"हिच्या आजीच्या हातचं शेवटचं काम," काकू माझ्या भाचीकडे बोट दाखवून बाकीच्या बायकांना सांगू लागल्या. "त्या वर्षी सासूबाई फार नाराज होत्या. पण वहिनींनी मुखवटे घेणं बंद केलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, हे आता पुसायचं नाही. बाकीच्या सहा घरांनी पुण्याहून नवीन आणवले. सांगते ना, सगळ्या लष्करात वहिनींच्या हातची ही एकच जोडी राहिलीय."

मी आईकडे पाहिलं. ती हात जोडून बसली होती. तिने आयुष्यभर काढलेले सगळे चेहरे दर वर्षी तिनेच पुसून टाकले होते, त्यांचा साधा फोटोही कुणाकडे नाही. आणि तिच्या नावाने जे उरलं होतं ते माझं होतं. हे मला सहन होईना.

"काकू, ह्या आईने नाही काढल्या," मी म्हटलं. "मी काढल्या. ती झोपली होती. तिचे डोळे तेव्हाही नीट होते, आताही आहेत. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

एका बाईच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच धरलेली राहिली. मग आई हसली. मोकळी, गोड, पाहुण्यांसमोर हसायची तशी.

"तिचं मनावर नको घेऊ, सुमन," ती काकूंना म्हणाली. "लांब राहते ना, आईचं कौतुक फार. माझी चूक आपल्या माथ्यावर घेते आहे. मला दिसत असतं तर मी असल्या गौरी काढल्या असत्या का?"

बायका हळहळल्या. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "भाग्यवान आहेत वहिनी," म्हणाल्या आणि माझ्या हातावर अत्तर लावलं. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्या मनगटावर बोटं रोवली होती. त्या बोटांत अजून भरपूर ताकद आहे.

परतीच्या रिक्षात तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "आई, का केलंस? मला एकदा तरी खरं बोलू द्यायचं होतंस."

"तुला हलकं व्हायचं होतं," ती म्हणाली. "समजतं मला. पण तू हलकी होशील आणि मग माझ्याजवळ काय राहील? गौरी तर मी दर वर्षी पुसल्या. कुणाला आठवतात त्या? तुला पाठवलं, हे एकच काम माझं टिकलंय, नीलू. ते तरी राहू दे."

रिक्षा महाराज बाड्याच्या गर्दीत अडकली होती. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, पन्नाशीची बाई असून. तिने ठेवू दिलं.

मॉस्कोला परतल्यावर संपादिकेने विचारलं, नवीन आवृत्तीत शेवटच्या पानावर काही बदलायचं आहे का? मी नाही म्हटलं. मला अपराधी वाटतं, रोज वाटतं, आणि ते कमी व्हावं अशी आता मी अपेक्षाही करत नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी ग्वाल्हेर सांगते. तिथे माझी चूक माझी नाही. एक म्हातारी बाई ती आपली म्हणून सांभाळून बसली आहे आणि परत द्यायला तयार नाही.

हे लिहून मी तिचा शब्द मोडलाच आहे. शेवटी मी तीच, तिला न उठवणारी. आडनावं बदलली आहेत, पण लष्करातले तुम्ही कोण कुठलं ते ओळखालच. तेव्हा एक विनंती. कुणाकडे हळदीकुंकवाला आई भेटली तर तिच्यापाशी यातलं अक्षरही काढू नका. हात धरून पाटावर बसवा आणि विचारा, डोळे कसे आहेत. काहीच दिसत नाही म्हणाली तर हो म्हणा.